दत्तरावांच्या पाट्या

सोनपेठच्या बसस्थानकावर मी कंट्रोलर होतो, तेव्हा एकदा माईकवरून अशी घोषणा गेली: "गंगाखेडला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. अन् विहिरीला पाणी कुठं लागतं, याचं झकास पुस्तक वाचनालयात आलंय!"

पहिलं वाक्य माझं, दुसरं दत्तरावांचं. मी चहा घ्यायला वळलो तेवढ्यात त्यांनी माईक ओढला होता.

दत्तराव गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. आठवडी बाजारात त्यांनी हाळी दिली की बैलसुद्धा कान टवकारत. त्यांचं म्हणणं एकच, "मानूस पुस्तकाकडं येत नसंल, तर पुस्तकाची खबर मानसाकडं गेली पायजे. अन् खबर कशी? ताजी!"

म्हणून त्यांनी गावभर पाट्या टांगल्या होत्या. न्हाव्याकडं, पिठाच्या गिरणीत, हाटेलात, आमच्या स्थानकावर. रोज सकाळी सायकलवरून फिरून जुनं पुसायचं, नवं लिहायचं. पुस्तकाचं नाव आणि गोष्टीच्या चार ओळी; गोष्ट ऐन रंगात आली की खडू थांबायचा. खाली, 'पुढचं वाचनालयात.' नायकाला साप चावला की नाही हे बघायला, अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक गालावरच्या साबणासकट वाचनालयात पळालेलं मी पाहिलंय. दत्तरावांनी त्याला आधी सभासद करून घेतलं, मग पुस्तक दिलं.

गिरणीवाला वैतागायचा. "दळण ऱ्हायलं बाजूला, समदे पाटीच वाचायलेत!" पण एके दिवशी पाटीला उशीर झाला, तर तोच माझ्याकडं विचारत आला, "दत्तराव बिमार हायत का?"

मग मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस आले. वातावरण बिघडलं. गाड्या बंद, बाजार बंद. ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीतले वाचक यायचे थांबले. गावातून चालत यायचीच त्यांना धास्ती होती.

एका सकाळी नवी पाटी काखेत घेऊन दत्तराव माझ्या दारात. "साहेब, तुमची गाडी बंद हाय. माझी चालू हाय. येताव का?"

चौकात चारपाच जण बसले होते. एकानं हटकलं, "कुठं चाललाव?"

"पाटी लावायला. ओढ्यापल्याड."

"असल्या दिवसात? तिकडं?"

"तिकडचे वाचक बी माझेच हायत," दत्तराव म्हणाले, आणि थांबलेसुद्धा नाहीत. मी त्यांच्या मागोमाग निघालो. छाती फुगली होती.

वस्तीत दारं बंद. त्यांनी कडुलिंबाला पाटी बांधली, लिहिलं, आणि आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळानं कमळाबाई बाहेर आल्या. शेतात मजुरी करायच्या, प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या. पाटीसमोर उभं राहून, शब्दाला शब्द लावत, त्या मोठ्यानं वाचू लागल्या. बंद दारांना ऐकू जाईल असं. एक दार उघडलं. मग दुसरं.

वाचून झाल्यावर दत्तरावांनी खडू त्यांच्यापुढं धरला. "उद्याची पाटी तुमी लिवा, बाई."

परतताना ते एवढंच बोलले, "आमच्या कारभारीणबाईंना लिवायला शिकवायचं ऱ्हाऊन गेलं, साहेब. नवं आलेलं पुस्तक मीच रोज सांगायचो, त्या चुलीपाशी ऐकायच्या. त्या गेल्या, अन् घरात ऐकायला कुणी उरलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा ओढत नेलं. पाटीवर मोठाली, वाकडीतिकडी अक्षरं होती. शेवटचा शब्द जागा पुरली नाही म्हणून कडेनं खाली उतरलेला. दत्तराव कितीतरी वेळ बघत राहिले.

"बगा," ते म्हणाले, "कसं ठसठशीत लिवलंय!"