साहेबांच्या जबाबातला माझा खोकला

खोकावं कसं, हे माझ्याकडून शिकावं! मी साहेबांचा स्वीय सहायक. उभी हयात त्यांच्या खुर्चीमागे काढली. म्हणूनच साहेबांच्या वकीलबाई "कोर्टात यांचं तोंड आवरणार कोण?" म्हणाल्या, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी आहे ना! वाहवत गेले की खोकतो. लगेच गप्प!"

खटला साधा होता. साहेबांच्या मंत्रिपदाच्या कारकिर्दीतला पूल उद्घाटनानंतर महिन्याभरात कोसळला आणि एका दूधवाल्याचा पाय कायमचा अधू झाला. आमचा बचाव असा, की साहेबांनी त्या कामात कधी लक्षच घातलं नव्हतं. म्हणजे बोलायचा एकच शब्द, "नाही". तो चुकला की साहेब तुरुंगात आणि मी घरी!

तालीम करताना साहेब घामाघूम झाले. "अरे, जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही रे मी!"

कोर्टात माझ्या शेजारी नेमका तो दूधवालाच येऊन बसला. मांडीवर कुबडी. मी आपला छताकडे बघत राहिलो.

"पुलाच्या कामाशी तुमचा संबंध होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही."

वा! पण साहेबांचा हात पिंजऱ्याच्या कठड्यावर पडला, समोर माणसं दिसली आणि घात झाला. "नाही, पण माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो..."

मी खोकलो. साहेबांचा आवाज चढला! "या जनतेसाठी मी रक्त आटवलंय!"

वकीलबाईंनी मागे वळून डोळे वटारले. खोका ना! मी जोरात खोकलो. साहेबांनी कठड्यावर मूठ आपटली. "मी काय घरी बसणारा माणूस आहे?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अहो, सभेत लोक उठून जायला लागले की मीच मागून खोकतो! आमच्यात खोकला म्हणजे, "आवाज वाढवा साहेब, लोक चालले!"

मी तोंड गच्च मिटलं. पण खोटं खोकून घसा सोलवटलेला, त्यात खरीच ढास लागली. थांबेचना! साहेबांना वाटलं, अख्खं मैदान रिकामं होतंय.

"त्या पुलाची वीट न् वीट मी पारखली!" ते गरजले. "सिमेंट कुणी निवडलं? मी! कंत्राटदार कोण? माझा सख्खा मेहुणा! माझ्या शब्दाशिवाय तिथं खिळा ठोकायची कुणाची छाती नव्हती!"

न्यायाधीशांनी टंकलेखकाकडे पाहिलं. "सगळं घेतलंत?"

"शब्द न् शब्द."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र टाळ्यांसाठी माझ्याकडे बघत थांबले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दूधवाल्यानं खिशातून खोकल्याची गोळी काढली. "घ्या. किती त्रास होतोय तुम्हाला."

"राहू द्या हो..."

"घ्या हो! आमच्या वकिलाला इतक्या तारखांत जमलं नाही, ते तुमच्या घशानं केलं. उपकार झाले!"

टोमणा असता तर परवडला असता. तो अगदी मनापासून बोलत होता. त्याच्या पायाकडे बघायचं मी सकाळपासून टाळत होतो. आता मान खाली घातली, तर नेमका तोच समोर!

लाज वाटली हो. गोळी कडूजहर होती, पण तो बघत होता, म्हणून शेवटपर्यंत चघळली.