चारुशीलाच्या नावाची साडेसाती

बेंद्र्यांच्या घरी साडेसाती सोमवारी सकाळी नेमणुकीचा हुकूम घेऊन रुजू झाली, आणि ओसरीवरची चांगली खुर्ची तिला देण्यात आली. बाई पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, बोलायला अदबशीर. हुकमावर नाव होतं चारुशीला बेंद्रे, रास मीन. म्हणजे घरची सून.

इचलकरंजीत साडेसाती मुक्कामाला असणं नवलाचं नव्हतं. खर्च मात्र यजमानांचा. दर शनिवारी तेल, काळे उडीद, रुईची माळ. शिवाय एक नीलम, आणि तो मानवला नाही म्हणून दुसरा नीलम. चारुशीला घरघंटीसाठी एका डब्यात पैसे साठवायची. गल्लीची दळणं घ्यायची आणि चार पैसे स्वतःचे करायचे, एवढंच तिच्या मनात होतं. पण शनिवार उजाडला की आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, नेमका तोच डबा उघडायच्या. तिचा जीव तीळ तीळ तुटायचा.

दोन वर्षं झाली तेव्हा साडेसातीनं तपासणीचा कागद काढला.

"जन्मनाव?"

"हौसा."

साडेसातीचं पेन थांबलं. "मग चारुशीला कधी झालात?"

"लग्नात. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं. हौसा नाव आत्याबाईंना गावठी वाटलं."

"रीतच हाय की ती," आत्याबाई म्हणाल्या.

"असेल. पण रास जन्मनावाची धरतात. हौसाबाई, तुमची रास कर्क. तुमच्यावर माझा काडीचाही अधिकार नाही." बाईंनी चष्मा पुसला. "मग दोन वर्षं मी लागले कुणाला?"

"तांदळाला," हौसा म्हणाली.

"ते हजर करा."

"त्येंचा तवाच भात झाला. वऱ्हाडानं खाल्ला."

साडेसातीनं शेरा लिहिला : सदर नावाची व्यक्ती या घरात आढळली नाही. मग पिशवी उचलून ती आत्याबाईंकडे वळली. "इथं कुणी चारुशीला अशी हाक मारली, तर व्यक्ती सापडली असं धरून मला परत यावं लागेल. उरलेली साडेपाच वर्षं हाक मारणाऱ्याच्या माथी."

हौसाचा आनंद गगनात मावेना. निरोपाचा चहा तिनं दुप्पट साखर घालून केला.

घरघंटी आली ती मुद्दाम शनिवारीच. पहिल्याच दिवशी दारात डब्यांची रांग लागली. रांगेतल्या एका नवख्या बाईनं विचारलं, "चारुशीला बेंद्रे म्हंत्यात त्या हितंच ना?"

आत्याबाई गुडघेदुखी विसरून धावल्या आणि त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"त्या नावाचं कोण ऱ्हात न्हाई हितं! ही आमची हौसा!"

"काय म्हणालात, आत्याबाई?" हौसानं आतून विचारलं. "घंटीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई."

"हौसा!" आत्याबाई बेंबीच्या देठापासून ओरडल्या. "हौसा! हौसा!"

गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. हौसानं घंटी बंद केली आणि म्हणाली, "अजून एकदा."