तेरा इंच, एक सूत

आमच्या गल्लीतले दत्तूमामा टेलर गिऱ्हाइकाला टेप लावतात आणि म्हणतात, "छी!"

परवा एक नवीन बाई परकराचं माप द्यायला आल्या. मामांनी टेप सोडला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "तीन छी."

बाई भडकल्या. "शिवायचं न्हाय तर सरळ सांगा की! छी छी काय करताय?"

मी शेजारचा झेरॉक्सवाला. अशा वेळी धावत जाऊन समजूत घालणं माझ्याकडं असतं. "ताई, छी म्हणजे चीनमधला फूट. मामांचा संदीप तिकडं नोकरीला आहे. बायकोही तिथलीच केलीय."

मामांना तेवढं निमित्त पुरतं. "आपला फूट बारा इंचांचा. त्यांचा छी तेरा इंच, वर एक सूत. आन् दहा सुना म्हंजे एक छी!"

"सुना?"

"तिकडचा इंच ओ. सून म्हणत्यात त्याला. मी न्हाय ठेवलं नाव!"

या वेडाला कारण आहे. नात मेई पाच वर्षांची झाली तेव्हा मामांनी तिच्यासाठी खणाचा परकर शिवला. माप फोनवर विहीणबाईंनी दिलं. त्याही शिवणकाम करणाऱ्या. त्या म्हणाल्या दोन छी, मधे दुभाषा असलेला संदीप म्हणाला दोन फूट. परकर गेला तो सव्वादोन इंच आखूड. फोटोत पोरीच्या नडग्या उघड्या. मामा त्या दिवशी मशीनवर बसलेच नाहीत. "आज्याला नातीचं माप ठावं न्हाय," एवढंच म्हणत राहिले.

तेव्हापासून सगळं छीत. दुकानाचं शटर छीत, कट्टा छीत. माझ्या बायकोनं भाकरी दिली तरी आधी टेप. "सहा सुना. कड फुटलीया जरा."

मामी गेल्यापासून मामा एकटेच. मेईला त्यांनी अजून फोनवरच पाहिलंय. दरवर्षी यायचं ठरतं आणि काहीतरी आडवं येतं. या दिवाळीलाही आलं. संदीपचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो.

"असू दे की. कामं असत्यात," मामा म्हणाले आणि उगाच कात्री पुसत बसले.

मग मेई पडद्यावर आली, काहीतरी बोलली.

"बाबा, ही इचारत्या, आजोबा केवढं हाईत?"

मामांनी जन्मभर लोकांची मापं घेतली, त्यांचं कुणी घेतलं नव्हतं. टेप माझ्या हातात देऊन त्यांनी चप्पल काढली, टोपी काढली, भिंतीला पाठ लावली. "नीट धर. सुताचा फरक नको."

पाच फूट पाच इंच. मामांनी डोळे मिटले, ओठ हलले. "चार छी, साडेनऊ सुना."

तिकडं विहीणबाई उठल्या. पट्टीनं मोजून त्यांनी भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली. मेई रेघेखाली जाऊन उभी राहिली. टाचा उचलून तिनं हात वर केला. पोचेना. पुन्हा केला. मग भिंतीकडं बघून ती काहीतरी म्हणाली.

"काय म्हणत्या रं?" मामांनी विचारलं.

संदीप म्हणाला, "म्हणत्या, आजोबा, वाका की जरा."

आणि इकडं दुकानात, हातातल्या फोनसमोर, मामा खरंच वाकले. बराच वेळ तसेच राहिले.