पास्कूअंकलचे अर्बाब

ज्याने कधी आवाज चढवला नाही, सुट्टी कापली नाही, आणि तुमचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवून घेतला नाही, असा मालक तुम्ही पाहिला आहे का? आखातात इतकी वर्षं राहून मी एकच पाहिला. तो हातभर लांब आहे, अंगावर लाल, काळे, पांढरे पट्टे आहेत, आणि ओमानमधल्या आमच्या सोहारच्या इमारतीत, समोरच्या फ्लॅटमध्ये, काचेच्या पेटीत राहतो.

इकडे मालकाला अर्बाब म्हणतात. पास्कूअंकलनी आपल्या सापाचं नावच अर्बाब ठेवलं आहे. अंकल वसईचे. ॲल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन चालवतात. उभी हयात ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चल, आटप’, ऐकण्यात गेली. “एक तरी अर्बाब असा हवा ना बाय, ज्याला मी जेवायला घालतो,” असं ते मला म्हणतात. आता मात्र त्यांची फायनल एक्झिट आली आहे. या महिनाअखेर ते कायमचे वसईला जाणार, आणि अर्बाबांना विमानात जागा नाही. त्यांना घेणार कोण, यावरून आमच्या जिन्यात रोज सभा भरते.

साप पाळायचा असं अंकलच्या मनात कधीच नव्हतं. गल्फ सोडणारी माणसं घरातलं सगळं विकून टाकतात. तशाच एका गोऱ्या इंजिनियरकडे अंकल माशांची टाकी समजून ही पेटी घ्यायला गेले. घासाघीस करताना ‘आत जे असेल त्यासकट’ असं त्यांनीच कबूल करून घेतलं. घरी येऊन भुसा उपसायला हात घातला, तर आत जे होतं ते हातावर चढलं. फोन लावला तेव्हा गोरा विमानतळावर होता. हा मिल्कस्नेक आहे, विषारी नाही, एवढं त्याने सांगितलं आणि फोन खलास.

नाव दुधाचं का? तर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना वाटायचं, हा गोठ्यात शिरून गाईचं दूध पितो. आपल्याकडे धामणीवर हाच आळ आहे. खोटा आळ घ्यायच्या बाबतीत सगळे देश एक आहेत. नागपंचमीला तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू दुधाची वाटी घेऊन दारात उभ्या. सापाला दूध पचत नाही, आपण पुण्य मिळवतो आणि तो आजारी पडतो, असं मी जिन्यातच मोठ्याने भाषण दिलं. काकूंवर परिणाम शून्य. अंकलनी मुकाट्याने वाटी घेतली, त्या दुधाचा चहा केला आणि काकूंनाच पाजला. पुढे घर आशीर्वादायला फादर आले. पेटी पाहून उंबऱ्यावरच थबकले आणि एदेन बागेचा विषय काढला. अंकल म्हणाले, “फादर, फळ माणसांनी खाल्लं. हा उंदीर खातो.” फादरनी पवित्र पाणी शिंपडलं. पेटीवर जरा जास्तच.

उंदीर फ्रीझरमध्ये असतात, सुरमईच्या शेजारी. कोणी बर्फ मागितला की अंकल स्वतः उठतात. आठवड्याला एक उंदीर, कोमट पाण्यात वितळवून, चिमट्याने भरवायचा. लपायला म्हणून ओमानी हलव्याचा रिकामा डबा दार कापून उपडा घातलाय. अख्ख्या सोहारमध्ये एसी अठरावर, अंकलचा सत्तावीसवर. पाहुणे रुमालाने वारा घेतात, आणि अंकल गंभीरपणे सांगतात की अर्बाबांना गारठा सोसत नाही. डोळ्यांवर निळसर धूर चढला, म्हणजे कात टाकायची वेळ आली, की पेटीवर टॉवेल पडतो. मग दारातूनच निरोप मिळतो: अर्बाब मूडमध्ये नाहीत.

एकदा मी चिडून विचारलं, की ज्याला कान नाहीत त्याच्याशी गप्पा कसल्या मारता? तो तुम्हाला ओळखत तरी नाही. ही फुकटची गुलामी कशाला?

अर्बाब तेव्हा त्यांच्या मनगटाला वेटोळं घालून होते.

“वसईला आमचा टायगर आहे, कुत्रा,” अंकल म्हणाले. “दर सुट्टीला फाटकात माझ्यावर भुंकतो. बायको आतून ओरडते, अरे गप, घरधनी आहे तो. ओळख पटेपर्यंत सुट्टी संपते. शेपूट हलवायला लागतो तेव्हा माझी बॅग भरलेली असते. मागच्या वेळी रिक्षामागे पार वळणापर्यंत धावत आला.” त्यांनी वेटोळ्याचं मनगट जरा वर उचललं. “म्हणून हाच बरा, बाय. याला फक्त गरम हात कळतो. कोणाचाही चालेल. मी गेलो तरी याचं काही अडणार नाही.”

समोर चहा निवत होता. अंकलनी तो उचलला नाही, कारण कपाच्या बाजूचा हात अर्बाबांच्या ताब्यात होता.

माझ्या आईने सापाला साफ नकार दिला आहे. सावंतकाकू तयार आहेत, पण दुधाच्या बाबतीत माझा त्यांच्यावर विश्वास नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही सोहारला, सूरला, इब्रीला, कुठेही राहत असा, एसी सत्तावीसवर सोसत असेल तर अर्बाबांना घेऊन जा. पेटी आणि हलव्याचा डबा सोबत मिळेल. एक अट आहे. ती अंकलनी घातलेली नाही, मी घालते आहे. अर्बाबांनी कात टाकली की वसईला एक मिस्ड कॉल द्या. दोन रिंग पुरेत. अंकल उचलणार नाहीत, फक्त त्यांना कळेल.