फुली मारलेला शेवट

“माझ्या कादंबरीचा शेवट माझ्याशिवाय कुणाच्या बापाला सुचणार नाही,” असं कादंबरीकाराने भरल्या ताटावर बसून जाहीर केलं. ताट साडूच्या घरचं होतं. साडू मान खाली घालून जेवत होता, आणि हेच कादंबरीकाराला जास्त लागलं. माणसाने निदान भांडावं तरी.

कादंबरी होती एका दीपगृहाची. म्हातारा रखवालदार, गुडघेदुखीने कधी जिना न चढलेली त्याची बायको, आणि दोन मुली. म्हाताऱ्यामागे दिवा कोणी लावायचा यावरून त्या दोघी चार जाडजूड खंड एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. पाचव्या खंडात निकाल लागायचा होता. तो खंड नऊ वर्षं ‘येत’ होता. दरम्यान त्यावर टीव्ही मालिका निघाली, तिने चारही खंड फस्त केले आणि लेखकासाठी न थांबता पुढे चालू पडली.

मालिका लिहीत होता साडू. हा गृहस्थ आधी काय लिहायचा? औषधाच्या बाटल्यांवरचा मजकूर. ‘जेवणानंतर दोन चमचे. वापरण्यापूर्वी हलवा.’ आणि आता वाण्याच्या दुकानात लोक त्याला थांबवून विचारत, “धाकटीचं काय करणार हो शेवटी?” शेजारी कादंबरीकार उभा असे, हातात साबण घेऊन.

सासूबाई साडूकडेच राहत. चार खंडांतलं एकही पान त्यांनी वाचलं नव्हतं. तिसरा खंड मात्र त्या रोज बघत, कारण टीव्ही नीट दिसावा म्हणून तो टीव्हीखाली ठेवलेला होता.

“माझ्या धाकट्या जावयाच्या हाताला गुण आहे,” त्या म्हणत.

“आणि थोरल्याच्या?”

“तुमचं पुस्तक मजबूत असतं हो.”

त्या दिवशी घरी येताना कादंबरीकाराने ठरवलं. मालिकेचा शेवटचा भाग दाखवतील त्याच दिवशी आपला पाचवा खंड दुकानात पाहिजे. आणि मालिकेचा शेवट असा पडला पाहिजे, की साडू परत बाटल्यांकडे गेला पाहिजे.

आता त्याच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. त्याचं अक्षर जगात दोघींनाच लागायचं. बायकोला, कारण ती वीस वर्षं त्याच्या सुवाच्य प्रती काढत होती, आणि मेहुणीला, कारण पहिल्या खंडाच्या वेळी ती मदतीला होती. खुद्द त्याला ते शाई वाळेपर्यंतच लागायचं. नंतर तो आपल्याच कागदाकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसा बघायचा.

त्याने एका बैठकीत दोन शेवट लिहिले. खरा असा: वादळात दोघी मुली भांडत जिना चढतात, तर वर दिवा आधीच लागलेला. जवळ आई बसली आहे. चार खंड ‘जेवून घ्या’ याखेरीज एक वाक्य न बोललेली आई. हे लिहिताना त्याचे स्वतःचे डोळे भरले.

खोटा असा: मुली भांडण मिटवून दीपगृहाच्या तळमजल्यावर केशकर्तनालय काढतात आणि म्हाताऱ्याची चार खंडांची दाढी उतरवतात. हे लिहिताना तो एकटाच खदखदून हसला.

दोन सारखी पाकिटं घेतली, एकावर फुली मारली. मेहुणी रविवारी यायची होती. खोटं पाकीट टेबलावर उघडं टाकायचं, ती वाचणार, नवऱ्याला सांगणार, आणि तो तहानलेला माणूस घटाघटा पिणार.

रविवार उजाडला. कादंबरीकार पाकिटांपुढे उभा राहिला. फुली म्हणजे खोटा, की फुली म्हणजे कुणाला दाखवू नको?

कागद उघडले. दोन्हींत काही ठिपके, काही आकडे, मधूनच मेलेल्या डासासारखं एखादं अक्षर. बायकोला विचारावं? छे. ती सगळं बहिणीला सांगते, असा त्याला नऊ वर्षं संशय होता. शेवटी तो स्वतःलाच म्हणाला, माणूस गुपितावरच फुली मारतो. झालं. बिनफुलीचं पाकीट टेबलावर गेलं, फुलीचं बायकोच्या हातात.

“याची प्रत काढायची, प्रेसला द्यायची, मुद्रितंही तूच तपासायची. आणि या शेवटाबद्दल एक शब्द काढायचा नाही. माझ्याशीसुद्धा नाही. माझी शपथ आहे.”

दुसऱ्या दिवशी बायको लेखणी हातात धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

मुखपृष्ठावर त्याने प्रकाशकाशी भांडून मोठ्या टायपात ओळ टाकून घेतली: ‘लेखकाच्या मनातला एकमेव खरा शेवट’.

शेवटच्या भागाच्या संध्याकाळी सगळे साडूकडे जमले. कादंबरीकार मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसला. पुस्तक सकाळीच दुकानात गेलं होतं, पहिली प्रत बायकोच्या पिशवीत होती. पडद्यावर वादळ सुरू झालं. मुली जिना चढू लागल्या.

“वर कशाला चालल्यात?” तो पुटपुटला. “दुकान खाली आहे.”

वर दिवा लागलेला होता. जवळ आई बसली होती.

मग सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “असं काहीतरी,” त्या हुंदका आवरत थोरल्या जावयाला म्हणाल्या, “तुम्ही का नाही हो लिहीत?”

साडूने त्याला स्वयंपाकघरात नेलं. मेहुणीही मागोमाग आली.

“भावोजी, रागावू नका,” ती म्हणाली. “तुमच्या टेबलावरचा कागद मी वाचला. यांना सांगितला.”

“मला रात्रंदिवस खातंय ते,” साडू म्हणाला. “उद्या पेपरवाले येतायत. मी सरळ सांगून टाकतो, शेवट तुमचा आहे. माझं काही नाही त्यात.”

कादंबरीकाराचा ऊर भरून आला. हेच तर त्याला हवं होतं. तेवढ्यात बायकोने पिशवीतून पुस्तक काढून ओट्यावर ठेवलं, मुखपृष्ठ वर करून. मग शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. छापील अक्षर त्याला वाचता येत होतं.

‘आणि वस्तऱ्याच्या पात्यावर सूर्य मावळला.’

त्याने पुस्तक मिटून ओट्यावर पालथं घातलं.

“शेवट तुझाच आहे,” मग तो साडूला म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडातून दात उपटल्यासारखं निघालं.

घरी जाताना त्याने बायकोला विचारलं, “तुला काहीच वाटलं नाही लिहिताना?”

“शपथ होती.”

“आता सुटली. सांग.”

“वाटलं, यांनी थट्टा केली असेल. मग म्हटलं, नऊ वर्षं घालवलीत, त्या अर्थी हेच असणार.”

पत्रं खूप आली. मालिकेवाल्यांनी शेवट बदलला म्हणून पुस्तक वाचलं असं बहुतेकांनी लिहिलं होतं, त्यांनी बदलला ते फार बरं केलं असंही. मनापासून स्तुतीचं पत्र एकच होतं. एका न्हाव्याचं. इतका जिवंत शेवट आपण वाचला नाही, असं त्याने कळवलं होतं.

फक्त वस्तरा उलटा धरलाय म्हणे.