शेंदूरवाणच्या देवळाची सुधारित आवृत्ती

आमच्या शेंदूरवाणचे रामलिंगाचे देऊळ त्याच्यावरच्या सगळ्यात नव्या ग्रंथाप्रमाणे बदलते. पुण्यात प्रमुख पाहुण्यांनी पुस्तकावरचा कागद सोडला की इथे दगड हलतात. मासिकातल्या लेखाने फारसे काही होत नाही. फार तर एखाद्या यक्षाचे नाक जाते.

पूर्वी हे देऊळ म्हणजे चार भिंती आणि एक दार एवढेच होते म्हणतात. मग डॉ. विद्याधर मुळगुंद यांनी ते यादवकालीन ठरवले आणि आम्हाला कोरीव खांबांचा सभामंडप मिळाला. पुढे डॉ. यशोधन अंतुरकर यांनी त्याच मंडपाची ग्रंथभर तारीफ केली, तेव्हा खांबांवर नर्तकी आल्या. गावात दुसरे मोठे छप्पर नाही, म्हणून लग्ने, ग्रामसभा, लसीकरण, सगळे त्या मंडपातच व्हायचे. दोघांपैकी एकही विद्वान आजवर गावात आलेला नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आले असते तर जेवायला घालावे लागले असते.

मी सरपंच होतो त्या वर्षी सुंदराबाई गुरव यांच्या पूनमचे लग्न ठरले. नवऱ्यामागे देवळाची पूजाअर्चा सुंदराबाईच करत. मुलाकडच्यांची अट एकच होती: लग्न नर्तकींच्या खांबांपुढे व्हावे, फोटो चांगले येतात. पत्रिका वाटून झाल्या आणि वर्तमानपत्रात बातमी आली. लग्नाच्याच दिवशी सकाळी मुळगुंदांच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघणार होती. तीत सभामंडप ही मागाहून केलेली भर ठरवून वगळला होता.

मी आणि सुंदराबाई पुण्याला गेलो. मुळगुंदांनी आम्हाला बसा म्हटले, पण सगळ्या खुर्च्यांवर त्यांचेच ग्रंथ बसले होते.

“साहेब, तारीख तेवढी पुढं ढकला,” मी उभ्यानेच म्हणालो. “नाहीतर प्रकाशन संध्याकाळी करा. जेवणं उरकली की न्या मंडप.”

“प्रकाशन मंत्र्यांच्या हस्ते आहे. मंत्री तुमच्या मुहूर्तावर चालत नाहीत.”

“पण मंडप तर तुम्हीच दिला होता,” सुंदराबाई म्हणाल्या.

“दिला होता. तेव्हा तो अंतुरकरांना पसंत नव्हता.”

“आणि आता?”

“आता त्यांना तो आवडतो. बाई, संशोधकाला भूमिका बदलावी लागते.”

“एकदा येऊन खांबाला हात लावून तरी बघा. एवढा थोरला दगड, तो काय खोटा असतोय?”

“मी स्थळावर जात नाही,” मुळगुंद म्हणाले. “प्रत्यक्ष पाहिलं की मत गढूळ होतं.”

जिन्यात सुंदराबाईंनी पदराने डोळे पुसले. सोयरे अडून बसतील, ही भीती त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बोलून दाखवली. मी त्यांना समोरच्याच इमारतीत नेले. तिथे अंतुरकर राहतात. दोघांचे सज्जे समोरासमोर आहेत आणि दोघांनीही ते कायमचे बंद करून घेतले आहेत.

“मुळगुंदांकडून आलात ना? चहा मिळाला नसेल,” अंतुरकर म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. आमचे गाऱ्हाणे ऐकून ते खूश झाले. “काळजी सोडा. त्यांच्या आवृत्तीचं खंडन माझ्याकडे छापून तयार आहे. त्याच दिवशी, मुहूर्ताच्या आधी प्रकाशित करतो.”

“त्यांचं पुस्तक तर अजून निघालंच नाही,” मी म्हणालो.

“वाचून खंडन करायचं म्हणजे वेळ फार जातो.”

“मंडप राहील ना, साहेब?” सुंदराबाईंनी विचारले.

“मंडपाला मी धक्का लावणार नाही. मला मुळगुंदांना लावायचा आहे.”

बदल्यात त्यांना ग्रामसभेचा एक ठराव हवा होता: शेंदूरवाणचे खरे अभ्यासक डॉ. अंतुरकर हेच होत. आम्ही तो एकमताने मंजूर केला. त्यांचा ग्रंथ आमच्यापैकी कोणीही वाचला नव्हता. विद्वानांचा ग्रंथ कोण वाचतो?

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही खुर्च्या, भांडी आणि वाजंत्री अंगणात काढून ठेवली. मुळगुंदांची आवृत्ती वेळेवर निघाली. आधी नर्तकी गेल्या, मग खांब, मग छत. वऱ्हाड उन्हात बसले. नवऱ्या मुलाची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “ठरल्याप्रमाणे खांब कुठं आहेत, सरपंच? खांब नाहीत तर आम्ही गाडीत बसतो.”

“दुसरं प्रकाशन व्हायचंय. जरा दम धरा.”

पण पुण्यात पाहुण्यांचा परिचय लांबला होता. माझा चुलतभाऊ तिथून फोनवर सांगत होता की पाहुण्यांचे बालपणच अजून संपलेले नाही. इकडे मुहूर्त आला. अंतरपाट धरला गेला. भटजींनी मंगलाष्टके जमतील तितकी ताणली. सुंदराबाई लेकीमागे उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातल्या अक्षता घामाने ओल्या झाल्या होत्या. शेवटचे कडवे चालू असताना चुलतभाऊ फोनवर ओरडला, “कागद सुटला!”

मागचा डोंगर पुढे आला आणि सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन थांबला. अंतुरकरांनी आमचे देऊळ यादवांच्या कितीतरी आधीचे कोरीव लेणे ठरवले होते. मंडप त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे राखला होता, फक्त तो आता डोंगराच्या पोटात होता. वटवाघळेही होती. लग्न मोबाइलच्या उजेडात लागले. फोटोत नुसते दात आले. पण आत गारवा होता, जेवण चांगले झाले होते आणि मुलाची आई शेवटी एवढेच म्हणाली की, साडीचा रंग दिसला असता तर बरे झाले असते.

पुढे दोन्ही विद्वान एका पुरस्कार समितीवर नेमले गेले. मुळगुंदांनी अंतुरकरांना पुरस्कार दिला, अंतुरकरांनी मुळगुंदांना दिला आणि दोघांच्या लक्षात आले की, समोरचा मनुष्य मोठा व्यासंगी आहे. त्यांनी सरकारी अनुदानातून संयुक्त ग्रंथ काढला. कोणाचाच अपमान होऊ नये म्हणून अर्धा मंडप डोंगरात ठेवला, अर्धा बाहेर घेतला. गाभाऱ्याबद्दल मात्र एकमत होईना. तेव्हा त्यांनी लिहिले: आत शिवलिंग असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुंदराबाई माझ्या दारात आल्या. “अप्पा, पिंड नीट दिसंना. हाताला लागते, पण मग लागत नाही.”

मी जाऊन पाहिले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी मुळगुंदांना फोन केला.

“‘असावे’ हा शब्द आम्ही फार विचार करून घातला आहे,” ते म्हणाले.

मग अंतुरकरांना केला. “नवा पुरावा मिळेपर्यंत तिथे ठाम असं काही ठेवू नका,” त्यांनी बजावले.

सुंदराबाईंनी पूजा सोडली नाही. श्रावणात पूनम माहेरी आली, तेव्हा मी देवळातच होतो. तिने दारातून आत वाकून पाहिले.

“आई, देव आहे का आत?”

“असावा,” सुंदराबाई म्हणाल्या आणि त्यांनी तांब्या उचलला. पाण्याची धार जरा वेळ कशावर तरी अडली, मग सरळ फरशीवर पडली. पूनमने पदर खोचून फरशी पुसली. दोघींनी हात जोडले आणि मायलेकी जेवायला घरी गेल्या.