शिळं पाणी

प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला, म्हणून सुनेने नमुन्यांच्या बाटल्या घरी आणल्या आणि फ्रिजमध्ये अगदी मागे, दुधाच्या पातेल्याआड ठेवल्या. नदी, कालवा आणि तीन विहिरी. शेतातल्या खताचं नायट्रेट पाण्यात किती उतरलंय, ते मोजणं हे तिचं काम. गावभरचं पाणी ती मोजायची. घरच्या विहिरीचं नाव काढलं की मात्र सासूबाईंचा चेहरा उतरायचा.

"जन्म गेला आमचा या पाण्यावर. आता त्याच्यावर संशय?"

तान्ह्या नातीची दूध-पावडर त्याच पाण्यात कालवली जायची. सून गप्प बसायची, आणि ते गप्प बसणं तिला रोज टोचायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत तपासणी झाली. तिथल्या साहेबांनी आकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"नदी, कालवा, विहिरी, सगळीकडे एकच आकडा? तोही मर्यादेच्या कितीतरी वर! रात्री फ्रिजमध्ये बैठक घेतली का या पाण्यांनी?"

बाटल्या किती लख्ख आहेत, ते सुनेला आत्ता दिसलं. तिने घरी फोन लावला.

"आई, फ्रिजमधल्या बाटल्यांना हात लावलात?"

"हात? चांगल्या घासून काढल्या! शिळं पाणी साठवतं का कुणी? झाडांना घातलं आणि आपल्या विहिरीचं ताजं भरलं. तुझ्या चिठ्ठ्या भिजू दिल्या नाहीत हो."

सुनेचं हसू ओठांपर्यंत येऊन थांबलं. म्हणजे तो आकडा...

"बाळाचं दूध?"

"कालवतेच आहे. खळखळून उकळलंय गं पाणी."

"देऊ नका, आई! उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. आपल्याच शेतातलं खत झिरपलंय विहिरीत. बाळाला बाधेल, ओठ निळे पडतील. दुकानातलं बाटलीबंद पाणी आणा."

पलीकडे चमचा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"ओतलं," सासूबाई हळूच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"साहेब, हे पाणी आमच्या घरचं," सून म्हणाली. "नमुने पुन्हा घ्यावे लागतील."

"पुन्हा? लोकांनी एकदा दिले तेच नशीब!"

संध्याकाळी घरी येताच तिने आधी बाळाचे ओठ निरखले. गुलाबी होते. मग फ्रिज उघडला. दूध, भाजी सगळं बाहेर. आत नुसत्या बाटल्या. प्रत्येकीवर सासूबाईंचं थरथरतं अक्षर: मास्तरांची विहीर, शिंप्याची विहीर, शाळेमागची...

"अहो आई, हे दिलं कुणी? मला तर दारातूनच परत पाठवतात."

सासूबाई दुपट्यांच्या घड्या करत होत्या. "मला परत पाठवून बघू दे कुणी. जिथं जिथं लेकरू आहे, तिथं जाऊन आले." मग वर न बघताच म्हणाल्या, "आणि उद्याच तपास गं. शिळं होऊ देऊ नकोस."